परवानगीची गरज नाही

"रोलंड आहे का गं तिथे? सकाळपासून त्याचा फोन बंद लागतोय," लोर्नाने विचारलं.

आर्डिसने हातातला कॉफीचा मग खाली ठेवला. लोर्ना ही रोलंडची धाकटी बहीण. ती राहायची स्पोकेनला, अर्ध्या देशापलीकडे. आणि रोलंड मंगळवारी विमानात बसला होता तो हिच्याकडे जायला. निदान सांगून तरी तसंच गेला होता.

"तो तुझ्याकडेच आलाय ना?"

"माझ्याकडे? कधी? नाताळाला ये ये म्हणून जीव काढला, तेव्हा आला नाही. मला आईच्या थडग्याच्या दगडाचं विचारायचं होतं. तडा गेलाय म्हणे."

"मग माझ्याच ऐकण्यात काहीतरी घोटाळा झाला असेल," आर्डिस म्हणाली. "आला की सांगते त्याला."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ कचेरीच्या खिडकीपाशी उभी राहिली. खाली कपडे धुवायच्या दुकानाच्या नळीतून पांढरी वाफ रस्त्यावर येत होती. आर्डिस टोलेफसनच्या ऐकण्यात घोटाळा होत नसे. जेन्सव्हिलमधल्या एका विमा कंपनीत तिने उभी नोकरी दावे तपासण्यात घालवली होती. गाडी झाडावर आपटली म्हणणाऱ्याने पाठवलेल्या फोटोत झाडाच्या सालीवर ओरखडा नाही, हे तिला पहिल्या नजरेत दिसायचं. लोक खोटं बोलतात तेव्हा गरजेपेक्षा जास्त तपशील देतात, असा तिचा अनुभव होता. आता तिला आठवलं, जायच्या आदल्या दिवशी रोलंडने न विचारताच सांगितलं होतं की लोर्नाचा गुडघा दुखतोय, तिच्या अंगणातला बर्फ काढायला कुणी नाही, आणि परतीचं विमान शनिवारी आहे. एवढं सगळं तो एका दमात कधी बोलला नव्हता.

रोलंड शिमेक आणि ती तरुणपणापासून एकत्र खेळत आले होते. खेळ तसा साधा. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि अडीअडचणीच्या वेळी फासे टाकून ठरतं की कोण वाचला आणि कोण दरीत पडला. त्यांचा अड्डा तेव्हा लुथरन चर्चच्या तळघरात भरायचा. ते दिवस असे होते की या खेळात सैतानाची पूजा चालते म्हणून आयांनी पोरांची दप्तरं तपासायला सुरुवात केली होती. एकदा पाद्रीबाबा स्वतः खाली उतरले. सगळ्यांची पाचावर धारण बसली. रोलंडने मात्र खुर्ची सरकवून दिली आणि म्हणाला, "बसा की. आम्हाला एक लोहार कमी पडतोय." पाद्रीबाबा जेवणाची वेळ होईपर्यंत लोहार झाले, आणि तळघर पोरांकडेच राहिलं. आर्डिसला तेव्हापासून रोलंडबद्दल जे वाटायचं त्याला तिने कधी नाव दिलं नाही. तिचं लग्न झालं, मोडलं. रोलंडचं झालंच नाही. नोकरी सांभाळून दोघांनी मिळून 'दोन कंदील' नावाचं लहानसं प्रकाशन काढलं. ती लिहायची, तो नकाशे काढायचा. हॅरो नावाच्या एका कल्पित नदीचं खोरं, त्यातली गावं, पाणचक्क्या, दलदल, दलदलीतली मुकी माणसं, हे सगळं पुस्तकागणिक वाढत गेलं होतं.

खेळाचे मूळ नियम मात्र त्यांचे नव्हते. ते मेरिडॉन या बड्या कंपनीचे. फार वर्षांपूर्वी त्या कंपनीने एक खुला परवाना काढला होता. आमचे नियम घ्या, त्यावर तुमच्या गोष्टी रचा, छापा, विका, आम्हाला विचारायला येऊ नका, फक्त शेवटच्या पानावर हा परवाना छापा. परवाना कायमस्वरूपी आहे असं त्यातच लिहिलेलं होतं. त्या एका शब्दावर देशभरातल्या कितीतरी छोट्या प्रकाशनांनी आपली चूल मांडली होती.

त्याच दिवशी संध्याकाळी गसचा फोन आला. गस पापाडाकिस याचं मेन स्ट्रीटवर खेळांचं दुकान होतं.

"आर्डिस, तुम्ही बसला आहात ना? बसा आधी. मेरिडॉन परवाना बदलतेय. नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटलाय. सगळीकडे फिरतोय. मी तुम्हाला पाठवलाय, वाचा."

तिने वाचला. विमा कंपनीत असले कागद वाचण्यातच जन्म गेला होता, त्यामुळे गोड शब्दांच्या आड काय आहे ते तिला लगेच कळलं. जुना परवाना 'यापुढे अधिकृत नाही.' ज्यांची विक्री चांगली, त्यांनी कंपनीला वाटा द्यायचा. आणि एक कलम असं की परवान्याखाली तुम्ही जे जे लिहाल, ते कंपनीलाही हवं तसं वापरता येईल, तुम्हाला न विचारता, तुम्हाला काही न देता. म्हणजे हॅरोचं खोरं. म्हणजे मुकी माणसं.

"कायमस्वरूपी म्हणाले होते ना?" गस फोनवर जवळजवळ ओरडत होता.

"कायमस्वरूपी म्हणाले होते. मागे घेणार नाही असं कुठे म्हणाले होते? हे दोन वेगळे शब्द आहेत, गस."

"हा काय चावटपणा आहे?"

"ही वकिली आहे," आर्डिस म्हणाली.

"आणखी एक ऐका. म्हणे काही जणांना त्यांनी आधीच बोलावून घेतलंय. तिकडे पश्चिमेला, त्यांच्या कचेरीत. दारातच गुप्ततेची सही घेतली. आत गेल्यावर म्हणे, आता मुकाट सही करा, तुम्हाला सवलतीत घेतो. कोण कोण गेलं होतं ते कुणी बोलत नाही. या आठवड्यातच झालंय हे सगळं."

आर्डिसने मनातल्या मनात नकाशा पाहिला. स्पोकेनही पश्चिमेलाच. कुणी विमानतळावर भेटलं असतं तरी शंका न येण्याइतकं पश्चिमेला.

शनिवारी रोलंड परतला, आणि सोमवारी नेहमीसारखा 'दोन कंदील'च्या कचेरीत आला. बुटांवरचा बर्फ झटकला, कोट खुंटीला लावला, नकाशाच्या टेबलावरचा दिवा लावला. आर्डिस त्याच्याकडे पाहत होती. त्याच्या उजव्या हाताला अलीकडे कंप सुटायचा, आणि तो लपवायला तो हात खिशात ठेवायचा. आज दोन्ही हात खिशात होते.

"लोर्नाचा गुडघा कसा आहे?" तिने विचारलं.

"बरा आहे. बर्फ फार होता."

"तिचा फोन आला होता. गुरुवारी. तू कुठे आहेस म्हणून विचारत होती."

रोलंड दिव्याकडे पाहत राहिला. मग त्याने खुर्ची ओढली आणि तो बसला.

"मला वाटलंच होतं ती फोन करेल कधीतरी."

"कुठे होतास?"

"आर्डिस, मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाही की सांगायचं नाही?"

"येत नाही. थोडे दिवस थांब. एवढंच मागतोय. आजवर कधी तुझ्याशी वाकडं वागलो का मी?"

"आजवर कधी तुझ्या बहिणीच्या गुडघ्याबद्दल खोटं बोलला नव्हतास."

तो हसला नाही. "थोडे दिवस," तो पुन्हा म्हणाला, आणि पेन्सिलीला टोक काढू लागला. हात कापत होता. टोक तुटलं. त्याने पुन्हा काढलं.

तो आठवडाभर दोघं एका खोलीत बसून काम करत होते, पण आर्डिसचं लिहिणं पुढे सरकत नव्हतं. तो फोन घेऊन खाली गाडीत जाऊन बोलायचा, भर थंडीत, इंजिन न लावता. एकदा तो जिना उतरता उतरताच बोलायला लागला, आणि मागून जिन्यात आलेल्या तिने ऐकलं, "नाही, तिला माहीत नाही. तिला यात ओढू नका." त्या एका वाक्याने तिची उरलीसुरली शंका फिटली. तिच्या डोक्यात सगळं जुळत गेलं. नकाशे कायद्याने त्याचे, मजकूर तिचा. खोऱ्याचं नाव, गावांची नावं नकाशांवर छापलेली. कंपनीला खोरं हवं असेल तर आधी नकाशेवाला फोडायचा, म्हणजे लिहिणारी बाई आपोआप वठणीवर येते. तिने असले डाव दाव्यांच्या कागदांत कितीदा पाहिले होते. फसवणारा नेहमी घरातलाच निघायचा.

शुक्रवारी गसने कोपऱ्यावरच्या टॅव्हर्नमध्ये, म्हणजे गावच्या बारमध्ये, सगळ्यांना बोलावलं. शुक्रवार असल्याने तिथल्या रिवाजाप्रमाणे तळलेल्या माशाचा बेत होता आणि गर्दी तुडुंब. मागच्या खोलीत खेळणारे, लिहिणारे, दोन-तीन छोटे प्रकाशक, गसच्या दुकानात फासे विकणारी मुलगी, असे सगळे दाटीवाटीने बसले होते. रोलंडही आला. दाराजवळच्या उंच स्टुलावर ब्रँडीचा ग्लास घेऊन बसला. आर्डिस गसच्या शेजारी होती.

गसने मसुद्याची कलमं वाचून दाखवली. लोक चिडले होते. कुणी म्हणालं कोर्टात जाऊ, कुणी म्हणालं त्यांची पुस्तकं घ्यायचीच नाहीत. तेवढ्यात मागून एका दाढीवाल्याने विचारलं, "बोलावलेल्यांत आपल्या भागातलं कुणी होतं का?"

"कोण सांगणार?" गस म्हणाला. "सगळ्यांची तोंडं शिवलीत."

"रोलंडला विचारा," आर्डिस म्हणाली.

तिचा आवाज काही मोठा नव्हता. पण खोलीतली कुजबुज थांबली आणि माना दाराकडे वळल्या.

"आर्डिस, इथे नको," रोलंड म्हणाला.

"मग कुठे? स्पोकेनला?"

कुणीतरी फिसकन हसलं. रोलंडने ग्लास ठेवला. त्याने सरळ तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"सांग ना त्यांना," ती म्हणाली. आता तिला थांबता येईना. "गेल्या आठवड्यात कुठे होतास ते सांग. सगळे आपलेच आहेत इथे."

"मला याबद्दल बोलता येत नाही," रोलंड म्हणाला.

हे वाक्य त्या आठवड्यात सगळ्यांनी वाचलं होतं. गुप्ततेची सही केलेले सगळे हेच म्हणत होते. ते खोलीभर पसरताना आर्डिसला दिसलं. दाढीवाला म्हणाला, "च्यायला." फासे विकणाऱ्या मुलीने फोन काढला आणि भराभर काहीतरी टाइप करू लागली. रोलंड स्टुलावरून उतरला, कोट चढवायला लागला. बाही सापडेना. कुणी मदतीला उठलं नाही. तो गेल्यावर थंड हवेचा एक झोत आत आला, आणि बार सांभाळणाऱ्या बाईने दार नीट लावून घ्या म्हणून आरडाओरडा केला.

दुसऱ्या दिवसापर्यंत ती बातमी देशभर पोचली होती. ज्यांनी रोलंडचे नकाशे भिंतीवर लावले होते त्यांनी ते फाडून त्याचे फोटो टाकले. आयुष्यात त्याला न भेटलेली माणसं त्याला विकाऊ म्हातारा म्हणत होती. वसंतात मिलवॉकीला भरणाऱ्या खेळांच्या मेळाव्याने त्याचं नाव पाहुण्यांतून काढलं. आर्डिसने हे सगळं वाचलं. काही ठिकाणी तिची वाहवा होती: शाब्बास बाई, स्वतःच्या भागीदारालासुद्धा सोडलं नाही. ते वाचताना तिला कसंतरी झालं, पण तिने स्वतःला सांगितलं की खरं बोलणाऱ्याला कसंतरी होतंच.

सोमवारी रोलंड आला तो पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. पेनं, पट्ट्या, रंगांच्या बाटल्या त्याने एकेक करून खोक्यात ठेवल्या. आर्डिस आपल्या टेबलाशी बसून होती.

"तू एकदा सांग, की तू सही केली नाहीस," ती म्हणाली. "एवढंच सांग. मी विश्वास ठेवीन."

"आता?" रोलंड म्हणाला. "टॅव्हर्नमध्ये विचारायच्या आधी ठेवायचा होतास."

"मी विचारलं होतं तुला. इथेच विचारलं होतं."

"आणि मी थांब म्हणालो होतो."

त्याने दिवा उचलला, पुन्हा ठेवला. "हा तुझा आहे," तो म्हणाला. तो तिचा नव्हता. त्यानेच आणला होता. पण ती काही बोलायच्या आत तो खोकं छातीशी धरून, पायाने पायऱ्या चाचपत, जिना उतरायला लागला होता. किल्ली त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती.

मेरिडॉनला लोकांच्या रागाचा अंदाज आला नव्हता. हजारो लोकांनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी बंद केली, दुकानांनी पुस्तकं मागवणं थांबवलं, वर्तमानपत्रांत आलं. आधी कंपनीने म्हटलं की तो नुसता मसुदा होता. मग म्हटलं की आम्ही सुधारणा करू. आणि जानेवारी संपता संपता तिने हात टेकले. जुना परवाना तसाच राहील, आणि वर मूळ नियमच अशा एका सार्वजनिक परवान्याखाली टाकले की ज्यात मागे घेता येणार नाही हे शब्द स्पष्ट लिहिलेले होते. वापरणाऱ्याने मूळ कर्त्याचं नाव द्यायचं, एवढी एकच अट.

गसच्या दुकानात लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. गसने सगळ्यांना चीजचे ताजे तुकडे खिलवले. "जिंकलो, आर्डिस!" तो म्हणाला. तिनेही एक तुकडा घेतला. दातांखाली तो रबरासारखा करकरला. आपण जिंकलो आहोत हे तिला पटत होतं. आपण बरोबर होतो हेही पटत होतं. तरी घरी जाताना रोलंडच्या गल्लीवरून जायचं टाळून ती लांबच्या रस्त्याने गेली.

मग एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"आर्डिस टोलेफसन? मी मॅव्हिस लुंडीन. डुलूथहून बोलतेय. 'उत्तर किनारा' म्हणून आमचं छोटं प्रकाशन आहे. तुमची दलदलीची पुस्तकं आमच्याकडे फार खेळतात."

"आभारी आहे," आर्डिस म्हणाली.

"तुम्हाला त्यासाठी फोन नाही केलेला. कंपनीने कालच कळवलं की ती गुप्ततेची सही आता लागू नाही. म्हणून करतेय. मी त्या खोलीत होते. तुमचा रोलंडही होता."

आर्डिसने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना? मी तुम्हाला सांगते काय झालं. लांबलचक टेबल, सँडविचेस, पाण्याच्या बाटल्या, सगळे कसे गोड गोड. त्यांच्या माणसाने सगळं समजावून झाल्यावर विचारलं, कुणाला काही शंका? आम्ही सगळे गप्प. खरं सांगते, मीही गप्पच होते. माझ्यावर कर्ज आहे. रोलंड उठला. म्हणाला, तुम्ही पूर्वी कायमस्वरूपी असं लिहिलं होतंत, तेव्हा तुमच्या मनात काय होतं? तो माणूस म्हणाला, तेव्हाचे लोक आता कंपनीत नाहीत. रोलंड म्हणाला, आम्ही आहोत. आणि टोपी घालून निघाला. सँडविचलाही हात लावला नाही."

"सही?"

"काय सही करणार तो? उलट नंतरही त्याला ते फोन करत होते. मला तो म्हणाला होता, त्यांना माझे नकाशे हवेत, आणि आर्डिसला बाजूला ठेवून हवेत, आणि मी नाही म्हणून सांगितलंय. नंतर तुमच्या गावातलं ते सगळं वाचलं मी. मला तोंड उघडता येत नव्हतं. आता येतंय, म्हणून पहिला फोन तुम्हाला."

"मसुदा... तो बाहेर कुणी काढला?"

"ते मला माहीत नाही. खोलीत आम्ही बरेच होतो. आणि मी विचारणारही नाही, बाई. एकमेकांवर संशय घेऊन घेऊन यंदाचा हिवाळा मला पुरे झालाय."

फोन झाल्यावर आर्डिस जिन्यातलं ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिली. तिला यात ओढू नका. दाव्यांच्या कागदावर तिने ते दोनदा वाचलं असतं. दोन्ही अर्थ मांडून पाहिले असते. अनोळखी माणसांना तिने तेवढा वेळ दिला होता.

तिने त्याला फोन केला. लागला नाही. पुन्हा केला. मग निरोप ठेवायला लागली आणि "रोलंड, मी" एवढंच म्हणून थांबली आणि ठेवून दिला.

गसला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला ठाऊक नाही? त्याने सगळे नकाशे मोकळे करून टाकलेत. पहिल्यापासूनचे, अख्खं खोरं. त्याच नव्या परवान्याखाली. कुणीही घ्या, छापा, विका. नुसतं नाव द्या म्हणतो. लोकांनी तर उचलायला सुरुवातसुद्धा केली. तुमचं शेवटचं पुस्तक अडलं होतं ना नकाशासाठी? सुटलं की! त्याला विचारायचीसुद्धा गरज नाही आता."

गस हे आनंदाने सांगत होता. आर्डिसने घरी जाऊन इंटरनेटवर ते नकाशे पाहिले. नवा नकाशाही त्यात होता, तिच्या अडलेल्या पुस्तकाचाच, नदीच्या मुखाचा. किनाऱ्याची रेघ काही ठिकाणी थरथरलेली होती. ती त्याने झाकली नव्हती. जिथे हात कापला तिथे तशीच खडकाळ करून टाकली होती. तिने तो उतरवून घेतला नाही.

मार्चच्या पहिल्या शनिवारी ती कोशकोनाँग तळ्यावर गेली. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला टाकलेल्या खोपट्या बर्फ पातळ व्हायच्या आत काढून न्याव्या लागतात, आणि रोलंड नेहमी ऐन शेवटच्या दिवसांत काढायचा. तो तिथेच होता. हिरव्या रंगाची त्याची खोपटी तिच्या तळाला लावलेल्या घसरपट्ट्यांवरून काठाकडे ओढत होता, थांबत होता, पुन्हा ओढत होता. बर्फावर पाणी साचायला लागलं होतं. आर्डिस जपून पावलं टाकत त्याच्यापर्यंत गेली.

"बर्फ कुजलाय," तो म्हणाला. "एवढ्या लांब यायला नको होतंस."

"डुलूथच्या बाईचा फोन आला होता."

"मॅव्हिसचा. मला सांगितलं तिने."

"मी चुकले, रोलंड."

त्याने दोर हाताला गुंडाळला, सोडला. "सगळी नाही चुकलीस," तो म्हणाला. "तुला खरं तेच सांगतो. बैठकीतून निघालो तरी त्यांचा फोन आला, आणि त्या रात्री हॉटेलात मी विचार केला होता. ते म्हणाले होते, माझे नकाशे त्यांची तरुण माणसं पुन्हा काढतील, नाव माझंच राहील. या हाताने मी अजून किती काढणार? सकाळपर्यंत विचार केला. मग नको वाटलं. पण रात्रभर तर द्यावेत असं वाटत होतंच. टॅव्हर्नमध्ये तू बोललीस तेव्हा मला ती रात्रच आठवली. म्हणून जास्त काही बोलता आलं नाही."

"मला सांगितलं असतंस, नंतर तरी."

"कुणाला सांगायचं? तू तर ठरवून बसली होतीस."

दूर कुणाची तरी मोटारगाडी काठावर चाकं फिरवत रुतली होती. दोघं तिकडे पाहत राहिली.

"नकाशे का मोकळे केलेस?"

"आता मला विकायचे म्हटले तरी विकता येणार नाहीत," रोलंड म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "म्हणजे कुणाला काळजी नको. तुलाही."

आर्डिसने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले.

"नदीच्या मुखाचा नकाशा मला पुस्तकात घालायचाय."

"घाल की. मोकळाच आहे. विचारायची गरज नाही."

"ठाऊक आहे. पण विचारायला आलेय."

तो पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहत होता. थंडीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याने बाहीने पुसलं.

"मग हो," तो म्हणाला.

तिला वाटलं तो आणखी काही बोलेल. तो वाकून घसरपट्टीवरचा बर्फ हातोडीने झाडायला लागला. आर्डिसने थोडा वेळ वाट पाहिली, मग खोपटीला बांधलेला दुसरा दोर उचलला. रोलंड नको म्हणाला नाही, घे असंही म्हणाला नाही. त्याने आपला दोर खांद्यावरून घेतला आणि दोघांनी मिळून खोपटी काठापर्यंत ओढली, तिथून फळीवरून ट्रेलरवर चढवली. त्यात त्यांना बराच वेळ लागला. बोलणं झालं ते एवढंच: डावीकडे, थांब, हां, आता. त्याने पट्टे आवळले. एक पट्टा त्याच्या हाताने बसेना, तो तिने बसवला.

"थँक्स," रोलंड म्हणाला. दुकानाचं दार कुणी अनोळखी माणसाने धरून ठेवलं की म्हणतात, तसं.

त्याची गाडी वळण घेऊन वर रस्त्याला लागली. आर्डिस आपल्या गाडीत बसली. काचेवर आतून धुकं साचलं होतं. तिने हीटर लावला आणि काच साफ व्हायची वाट पाहत बसून राहिली. काच साफ झाली तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि तळ्यावर, खोपटी होती त्या जागी, मासे धरायचं भोक तेवढं काळं दिसत होतं.